आधी कठडा, मग करवत

शास्त्रवाचन : अनुवाद २२:८, उपदेशक १०:९-१०, मार्क ६:१-३



आपल्या दानार्पणातून सुतारशाळेसाठी चक्री करवत आली, ही बातमी आपण मागच्या अंकात वाचली. त्यानंतर काही मंडळ्यांकडून एकच विचारणा झाली : "यंत्र पोहोचले, मग अजून सुरू का केले नाही?" विचारणाऱ्यांच्या मनात प्रेमच आहे. सातपुड्याच्या पाड्यांवरील मुलांच्या हाताला लवकर काम मिळावे, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून या तिमाहीच्या अभ्यासलेखात मी त्याच प्रश्नाचे उत्तर देतो. ही करवत कशी मांडायची, कशी चालवायची आणि ती सुरू करण्याआधी आम्ही का थांबलो, हे शास्त्रवचनाच्या उजेडात पाहू. ज्यांनी कधी रंधा हातात धरला नाही त्यांनाही समजावे असा प्रयत्न केला आहे. ज्याने दान दिले, त्याला आपण काय दिले हे कळायला हवे.

कठडा कोणी बांधायचा?

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात घर बांधणाऱ्याला एक साधी आज्ञा आहे. नवे घर बांधलेस तर धाब्याला कठडा कर. नाहीतर तिथून कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा तिचा आशय आहे. त्या देशातली घरे आपल्या खानदेशातल्या जुन्या घरांसारखी सपाट धाब्याची असत. धाबे ही रोजच्या वापराची जागा होती. राहाबेने हेरांना धाब्यावरच तागाच्या काड्यांखाली लपवले. पेत्र प्रार्थनेसाठी धाब्यावर गेला होता. जिथे माणसांचा रोजचा वावर, तिथे कधीतरी कोणाचा तोल जाणारच.

आता आज्ञा कोणाला आहे ते नीट पाहा. धाब्यावर चढणाऱ्याला "जपून चाल" असे इथे सांगितलेले नाही. आज्ञा घर बांधणाऱ्याला आहे. माणूस चुकणार, थकणार, त्याचे लक्ष उडणार, हे देवाला ठाऊक आहे. म्हणून चूक होण्याआधीच कठडा उभा असला पाहिजे, आणि तो उभारण्याचा भार घरधन्यावर आहे.

लाकूडकामातले धोकेही शास्त्राला परके नाहीत. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात झाड तोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते आणि शेजारी उभा असलेला माणूस मरतो. उपदेशकाच्या दहाव्या अध्यायात लाकडे फोडणाऱ्याला त्या लाकडांपासूनच धोका असतो असे सांगितले आहे, आणि लगेच पुढच्या वचनात बोथट हत्याराला धार लावली नाही तर जास्त जोर लावावा लागतो, असे म्हटले आहे. ज्याने हे लिहिले त्याने सुताराचे काम जवळून पाहिले असावे. बोथट पाते आणि जादा जोर ही जोडी आजही कामाच्या ठिकाणी बोटे घेऊन जाते.

माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्याचे अर्धे पेर नाही. मी एकोणीस वर्षांचा असताना शहरातल्या एका वखारीत कामाला होतो. तिथल्या चक्रीचे झाकण भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेले असे. काम पटापट व्हावे म्हणून कोणीतरी ते केव्हाच काढून ठेवले होते. अरुंद पट्ट्या चिरताना लाकडातली गाठ पात्याला लागली, लाकूड उसळले आणि हात पुढे गेला. दवाखान्यातून परतल्यावर मालकाने विचारले, "लक्ष कुठे होते तुझे?" पुष्कळ वर्षे मीही स्वतःला तेच विचारत राहिलो. अनुवादातले हे वचन वाचले तेव्हा समजले, की प्रश्न दोन होते. माझे लक्ष कुठे होते हा एक. झाकण भिंतीवर का होते हा दुसरा. दुसरा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारलाच नाही.

आलेले यंत्र कसे होते?

आपल्याला मिळालेली करवत एका बंद पडलेल्या कारखान्यातली आहे. टेबल जाड बिडाचे, शाफ्ट सरळ, बेअरिंग शांत. यंत्र उत्तम आहे. पण त्याच्याबरोबर तीन वस्तू आल्या नाहीत : पात्यावरचे झाकण, पात्यामागची पोलादी पट्टी आणि धड स्टार्टर. म्हणजे घर आले, कठडा राहिला.

आपल्याकडे या यंत्राची गरज खरी आहे. घरकुलांसाठी दारे-खिडक्यांच्या चौकटी लागतात, शाळांना बाके लागतात, मधपाळांना मधपेट्या लागतात. मधपेटीच्या आतल्या चौकटी एकसारख्या मापाच्या नसल्या, तर मधमाश्या मधल्या जागेत जादा पोळे बांधून त्या एकमेकींना जोडून टाकतात आणि चौकट बाहेर निघत नाही. हातकरवतीने अशा पन्नास पट्ट्या एका मापाच्या काढणे मोठ्या कारागिरालाही जड जाते. चक्रीवर गाईड एकदा लावले की पहिली आणि पन्नासावी पट्टी सारखी निघते.

पण हेच यंत्र काय करू शकते तेही पाहा. आपले पाते ३०० मि.मी. व्यासाचे आहे. त्याचा परीघ सुमारे ९४ सें.मी. भरतो. शाफ्ट मिनिटाला २,८८० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ४८. हिशेब केला तर दाताचे टोक सेकंदाला सुमारे ४५ मीटर धावते, ताशी १६० किलोमीटरच्या वर. पात्याला २४ दात असले तर एका सेकंदात अकराशेहून जास्त दात एकाच जागेवरून जातात. हात मागे घ्यावा हे मनात येईपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. म्हणून या यंत्रापुढे "मी सावध राहीन" एवढे पुरत नाही.

मांडणी : पायापासून सुरुवात

*जागा.* आमच्याकडची लांबात लांब फळी ३ मीटरची असते. ती चिरताना आधी पूर्ण पुढच्या बाजूला असते आणि नंतर पूर्ण मागच्या बाजूला. म्हणून पात्याच्या पुढे आणि मागे फळीच्या लांबीएवढी जागा आणि शिवाय माणसाला उभे राहायला जागा मोकळी ठेवली. टेबल काँक्रीटच्या जमिनीवर बोल्टने घट्ट बसवले आणि पाणसळ लावून दोन्ही दिशांनी सपाट केले. हलणारे टेबल लाकूडही हलवते. जमीन गुळगुळीत नको. भुश्यावरून पाय घसरतो.

*उजेड.* जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली फिरणारे पाते कधी कधी थांबल्यासारखे किंवा अगदी हळू फिरत असल्यासारखे दिसते. हा डोळ्यांचा भ्रम आहे आणि तो जिवावर बेततो. म्हणून आम्ही टेबलावर साधा बल्ब वेगळा लावला.

*वीज.* मोटर ३ अश्वशक्तीची, थ्री-फेजवर चालणारी आहे. यंत्राच्या अंगाला पक्के अर्थिंग केले. जुना खटक्याचा स्विच काढून टाकला, कारण त्यात एक मोठा दोष आहे. समजा काम चालू असताना लाइट गेली. आपल्याकडे ही रोजची गोष्ट. मुलगा पात्याजवळचा भुसा काढायला वाकला, स्विच मात्र चालूच राहिला. तेवढ्यात लाइट आली, तर पाते आपोआप फिरू लागेल. चांगल्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. लाइट गेली की ती स्टार्टर सोडून देते, आणि लाइट परत आली तरी हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. त्याच्याबरोबर मोटरवर जादा भार आला तर तोडणारा रिले आणि गुडघ्याने किंवा हाताने चटकन दाबता येईल असे मोठे लाल बटण हवे. मेन स्विचला कुलूप आहे आणि किल्ली शिक्षकाच्या खिशात असते.

*दिशा आणि वेग.* पाते बसवण्याआधीच मोटर क्षणभर चालवून दिशा पाहायची. टेबलाच्या वर दिसणारे दात काम करणाऱ्याच्या दिशेने येऊन खाली जायला हवेत, म्हणजे ते लाकूड टेबलावर दाबून धरतात. उलट फिरत असेल तर वायरमनकडून थ्री-फेजच्या कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करून घ्यायची. वेग पुलीवर ठरतो. आमची मोटर मिनिटाला १,४४० फेऱ्यांची आहे. तिच्यावर १५० मि.मी.ची पुली आणि शाफ्टवर ७५ मि.मी.ची, म्हणून शाफ्ट दुप्पट फिरते. प्रत्येक पात्यावर त्याची कमाल फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. शाफ्टचा वेग तिच्या वर जाता कामा नये. पुली बदलली की हा हिशेब पुन्हा करायचा. पट्टा आणि पुल्यांवरही जाळी हवी. बोटे तिथेही अडकतात.

*पाते.* उभा काप म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने चिरणे, आणि आडवा काप म्हणजे रेषा तोडणे. उभ्या कापाला कमी व मोठे दात लागतात, २४ च्या आसपास. आडव्या कापाला बारीक दात, ६० किंवा जास्त. सागाच्या लाकडात सिलिका म्हणजे वाळूचा अंश असतो, त्यामुळे साधे पोलादी दात लवकर बोथट होतात. म्हणून टंगस्टन कार्बाइडच्या टोकांचे पाते घेतले. धार गेली की ते शहरात धार लावायला पाठवायचे, जोर वाढवायचा नाही. उपदेशकाचा सल्ला हाच आहे. पाते बसवताना दोन्ही बाजूंच्या चकत्या पुसून स्वच्छ करायच्या. भुश्याचा एक कण राहिला तरी पाते डुलते. पाते बदलताना मेन स्विच बंद आणि कुलूप लावलेले, हा नियम मोडायचा नाही.

यंत्राचा कठडा

*मागची पट्टी.* बाहेरून पाहणाऱ्याला ही पट्टी बिनकामाची वाटते, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची वस्तू तीच. पात्याचे पुढचे दात खाली जातात, तर मागचे दात वर उठत असतात. चिरलेल्या फळीचे दोन भाग पात्यामागे एकमेकांकडे ओढले गेले, तर ते पात्याला चिमटतात. मग मागचे दात लाकूड उचलतात आणि काम करणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात. निलगिरीसारख्या लाकडात आतला ताण फार असतो. फळी चिरताच ती वाकते. पात्यामागे उभी असलेली पोलादी पट्टी चिरेत शिरून दोन्ही भाग वेगळे धरते. आमच्या पात्याचा पत्रा २.२ मि.मी. आणि दातांनी पडणारी चीर ३.२ मि.मी. आहे. पट्टी पत्र्यापेक्षा जाड आणि चिरेपेक्षा पातळ असली पाहिजे, म्हणून २.५ मि.मी. जाडीची करून घेतली. टेबलाच्या पातळीवर पाते आणि पट्टी यांच्यातले अंतर ८ मि.मी.पेक्षा जास्त नको. पट्टीचे टोक पात्याच्या माथ्यापेक्षा २५ मि.मी.हून खाली नको.

*झाकण.* पात्याचा वरचा भाग झाकणारे हे टोपण लाकडाच्या जितके जवळ आणता येईल तितके आणायचे. फळीची जाडी बदलली की त्याची उंचीही बदलायची. टेबलाखालचे पातेही उघडे ठेवायचे नाही. भुसा काढताना हात तिथेच जातो.

*गाईड.* लाकूड ज्या पट्टीला टेकून सरकते ते गाईड पात्याला समांतर हवे. पात्याच्या एका दातावर खडूची खूण करायची. तो दात पुढे आणून गाईडपर्यंतचे अंतर मोजायचे, मग हाताने पाते फिरवून तोच दात मागे आणून पुन्हा मोजायचे. मागचे अंतर कमी भरले तर लाकूड चिमटणार. साधे लाकूड उभे चिरताना गाईडचे मागचे टोक पात्याच्या पुढच्या दातांच्या आसपासच संपवायचे, म्हणजे चिरलेल्या भागाला बाजूला सरकायला वाव राहतो.

*ढकलकाठी.* निदान ४५० मि.मी. लांबीची, टोकाला पक्ष्याच्या उघड्या चोचीसारखी खाच केलेली काठी. फळीचे शेवटचे ३०० मि.मी. हाताने ढकलायचे नाहीत, या काठीनेच ढकलायचे. ३०० मि.मी.पेक्षा लहान तुकडा तर सुरुवातीपासून काठीने. मुलांनी ही पहिली वस्तू स्वतः केली, हातकरवतीने आणि पटाशीने. काठीवर दातांच्या खुणा पडतील तेव्हा कळेल की तिथे बोटे असू शकली असती.

*मागचे टेबल.* फळी धरायला मागे सोबती उभा असेल तर पात्यापासून टेबलाची कड निदान १,२०० मि.मी. दूर हवी, म्हणजे त्याचा हात पात्यापर्यंत पोहोचतच नाही. हे वाढीव टेबलही मुलांनीच जोडले.

चालवण्याची रीत

१. आधी लाकूड पाहायचे. जुन्या लाकडात खिळा, कुंपणाच्या झाडात तार, फळीत सैल गाठ आहे का? ओले किंवा पिळलेले लाकूड बाजूला. फळीचा एक पृष्ठ आणि एक कड रंध्याने सरळ करून घ्यायची. वाकडी कड गाईडला टेकत नाही.

२. पात्याचे दात लाकडाच्या वर थोडेच दिसतील एवढीच उंची ठेवायची.

३. अंगावर लोंबणारे काही नको. गमछा, सैल बाही, मनगटातला दोरा, कडे काढून ठेवायचे. एका मंडळीने मोठ्या प्रेमाने हातमोजे पाठवले. लाकूड वाहताना आम्ही ते रोज वापरतो, पण चक्रीवर हातमोजे घालत नाही. मोज्याचा एक धागा दाताला लागला तर तो सगळा हात ओढून नेतो.

४. पात्याच्या रेषेत उभे राहायचे नाही, थोडे डावीकडे. लाकूड परत उसळलेच तर ते पात्याच्या रेषेत येते.

५. पाते पूर्ण वेगात आल्यावरच लाकूड लावायचे. एकसारख्या गतीने पुढे न्यायचे. अर्ध्यावर मागे ओढायचे नाही. आवाज बदलला, मोटर कण्हू लागली, तर जोर न लावता लाल बटण दाबायचे.

६. गाईडचा किंवा आडव्या कापाच्या सरकत्या गुण्याचा आधार न घेता नुसत्या हाताने कापायचे नाही. आडवा काप घेताना सुटा होणारा तुकडा पाते आणि गाईड यांच्यामध्ये अडकू द्यायचा नाही. गोल ओंडका टेबलावर लावायचा नाही. तो गरकन फिरतो.

७. मोटर बंद केल्यावरही पाते बराच वेळ फिरत राहते. ते पूर्ण थांबेपर्यंत जागा सोडायची नाही, तुकडे उचलायचे नाहीत.

८. एक काम करतो तेव्हा दुसरा त्याच्याशी बोलत नाही. हाक मारायची असेल तर समोरून येऊन, काप संपल्यावर.

९. भुसा रोज काढायचा. लाकडाचा भुसा श्वासात जात राहणे हे कर्करोगाचे कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली जाहीर केले आहे. सागाच्या भुश्याने कातडी आणि नाकही चुरचुरते. म्हणून मास्क, खिडक्या उघड्या, आणि झाडूऐवजी शक्यतो भुसा ओढून घेणारे यंत्र. दिव्याच्या, विडीच्या ठिणगीपासून भुसा लांब ठेवायचा.

१०. भिंतीवर १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. जखम झाली तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरायचा. बोट तुटले तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचे आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फात टाकायचे नाही. हे प्रत्येक मुलाला पाठ आहे, आणि ते कधी लागू नये ही प्रार्थनाही.

दोन नियम कायद्याचे. अठरा वर्षांखालील कोणालाही आम्ही चक्रीवर उभे करत नाही. १९४८ चा कारखाने कायदा यंत्राचे धोक्याचे भाग झाकायला सांगत असे आणि तरुणांना धोक्याच्या यंत्रावर शिक्षणाशिवाय ठेवू नये असेही सांगत असे. आपला छोटा मांडव कारखान्याच्या व्याख्येत बसो वा न बसो, आम्ही तो नियम पाळतो. दुसरे, येणाऱ्या प्रत्येक सागाच्या फळीचे बिल आणि वाहतुकीचा परवाना फाइलला लावलेला असतो. वनखात्याच्या कार्यालयाला यंत्राची लेखी माहिती दिल्याशिवाय काम सुरू करायचे नाही. जंगलातल्या मुलांवर चोरीच्या लाकडाचा संशय पटकन येतो. आपल्या कागदांनी त्यांचे रक्षण व्हावे.

एका मुलाचा प्रश्न

पट्टी आणि झाकण बसवून झाले त्या संध्याकाळी एक मुलगा माझ्याजवळ आला. हुशार आहे, हात चांगला आहे. म्हणाला, "सर, झाकण काढलं तर पातं नीट दिसेल. काम लवकर होईल ना?"

मी त्याला उगाच रागावलो नाही, कारण त्याचे म्हणणे खोटे नव्हते. झाकणाने काम थोडे हळू होते. मी माझा अंगठा पुढे केला. "बाळ, हा अंगठा त्या लवकरपणाचा आहे. वखारीतही काम लवकरच व्हायचे."

तो बराच वेळ अंगठ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "घरी शेतीही आम्ही हातानेच करतो, सर."

त्याने एका वाक्यात सगळा धडा सांगितला. शहरातल्या कचेरीत काम करणाऱ्या माणसाचे एक बोट गेले तर दुःख मोठेच. पण पाड्यावरच्या मुलाची बोटे म्हणजे त्याच्या घरची पेरणी, कापणी, गवत, सरपण, आणि उद्याची सुतारी. लूकने आपल्या शुभवर्तमानात वाळलेल्या हाताच्या मनुष्याविषयी लिहिताना तो हात उजवा होता हे मुद्दाम नोंदवले आहे. त्या सभास्थानात नियम पाळणारे पुष्कळ होते, पण त्या उजव्या हातावाचून त्या मनुष्याचे काय होत असेल हे येशूने पाहिले. तो स्वतः सुतार होता, हे मार्काच्या सहाव्या अध्यायात त्याच्या गावचेच लोक सांगतात. येशू नांगर आणि जू बनवीत असे, असे दुसऱ्या शतकातल्या जस्टिन मार्टर याने लिहून ठेवले आहे. बैलाच्या मानेला न काचणारे जू करायचे म्हणजे कडा घासून घासून गुळगुळीत कराव्या लागतात. वापरणाऱ्याला इजा होऊ नये ही काळजी सुताराच्या कामातच आहे, आणि त्या कामाला आपल्या प्रभूचे हात लागले आहेत.

म्हणून, प्रियांनो, उत्तर असे आहे. यंत्र पोहोचले त्या दिवशी आम्ही ते चालू करू शकलो असतो. मोटर फिरत होती, पाते धारदार होते. फोटोही चांगला आला असता. पण दान देणारे आपण आणि ते स्वीकारणारे आम्ही, दोघे मिळून या घराचे बांधणारे आहोत. कठडा नसलेले घर आपण आपल्या मुलांच्या हाती देऊ शकत नाही. आज पट्टी, झाकण, ढकलकाठ्या आणि मागचे टेबल तयार आहे. नव्या स्टार्टरचे आणि अर्थिंगच्या तपासणीचे काम उरले आहे. ते झाले की पहिली फळी मी स्वतः चिरीन, आणि दुसरी तो मुलगा.

पुढे आपण कुठेही यंत्र दान कराल, शिलाईचे, पिठाच्या गिरणीचे किंवा उसाच्या चरकाचे, तर एक प्रश्न अवश्य विचारा : याचा कठडा कुठे आहे? त्याची किंमत वेगळी धरू नका. तो दानाचाच भाग आहे.

मंडळीत चर्चेसाठी

१. अनुवाद २२:८ मध्ये जबाबदारी कोणावर ठेवली आहे? आपल्या घरी, दुकानात, शेतात कामाला येणाऱ्यांसाठी आपण कोणता कठडा बांधला आहे, आणि कोणता राहून गेला आहे?

२. अपघात झाल्यावर आपण पहिला प्रश्न कोणाला विचारतो? दुसरा प्रश्न विचारायचा राहतो का?

३. बोथट हत्यार आणि जादा जोर (उपदेशक १०:१०) हे आपल्या सेवाकार्यातही घडते का? कुठे?

प्रार्थनेचे विषय

सुतारशाळेतील मुलांच्या हातांचे व डोळ्यांचे रक्षण व्हावे. ज्यांनी कामावर बोटे, हात गमावले त्यांना सन्मानाचे काम मिळावे. स्टार्टर आणि भुसा ओढणारे यंत्र यांची सोय व्हावी. आणि आम्हा शिक्षकांना घाई न करण्याची बुद्धी मिळावी.

प्रभूच्या सेवेत आपला,
सुतारशाळेचा शिक्षक